बसवी, पिळवी आणि एक नजरचूक

वासुदेवकाका, मले हे आत्ताच सांगायचं आहे. घरी पोचल्यावर नाही, उद्या सकाळी चहा पिऊन नाही. आत्ता. काटोलहून एसटी निघाली, मले खिडकी भेटली, मांडीवर काकूनं बांधून दिलेला डबा आहे आणि मी दोन अंगठ्यांनी धडाधड टाइप करून राहिली. थांबली तर मी लिहिणारच नाही, मले माहीत आहे. तीन महिने थांबली तेच खूप झालं.

आज तुमची तेरवी झाली. शेवटच्या पंगतीत मी जेवून राहिली होती, तेव्हा काकू माझ्याजवळ येऊन बसल्या आणि एक गोष्ट बोलल्या. सांगते. पण वाचणाऱ्यांले आधी कळलं पाहिजे की तुम्ही कोण आणि मी कोण. नाहीतर तुम्हीच म्हणाल, "प्राचे, तू मधातूनच सुरू होते वं, कुत्रं मागं लागल्यावानी."

तर लोकहो, शहरातल्या घराघरांतलं संडास-बाथरूम-मोरीचं सगळं पाणी नाल्यानं आमच्या प्लांटवर येते आणि आम्ही ते साफ करतो. मी तिथं लॅबमध्ये आहे, एमएस्सी केमिस्ट्री. आई माझ्या बायोडाट्यात 'जलशुद्धीकरण क्षेत्रात कार्यरत' असं लिहिते, जसं काही मी गंगेवर बसली आहे. आणि वासुदेवकाका आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. होते. हे 'होते' टाइप करताना फोननं आधी 'होतेच' सुचवलं.

काका, पहिल्या दिवशी मी तुमच्या पॉलीच्या खोलीत पाय ठेवला आणि सरळ आडवी झाली, आठवते? पॉलिमरची पांढरी पावडर सांडली होती, तिच्यावर पाणी पडलं होतं. ती ओली झाली की फरशी साबणापेक्षा वाईट होते हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. तुम्ही मले उचललं नाही. आधी कोपऱ्यातून मिठाची पिशवी आणली, माझ्या चहूबाजूंनी मीठ फेकलं, भूत उतरवल्यासारखं, आणि मग हात दिला.

"मिठाबिगर आलो असतो त मीही तुह्या बाजूले लंबा झालो असतो. एमएस्सीत मीठ नाही शिकवलं का वं?"

मी रडवेली होती. नवीन ड्रेस होता. तरी हसली.

मग मी तुमाले पॉलिमर समजावून सांगितलं. मी! तुमाले! आता लाज वाटते. मी म्हटलं, काका, गढूळ पाण्यात मळाचे कण इतके बारीक असतात की दिवसभर ठेवले तरी बसत नाहीत. सगळ्यांवर एकसारखा विद्युतभार, म्हणून एकमेकांले ढकलत राहतात. तुरटीसारखं औषध टाकलं की ते शांत होतात, मग पॉलिमरचा लांबच लांब धागा एकाले धरते, दुसऱ्याले धरते, गोळा बनते, जड होते, तळाले जाते. वर निवळ पाणी राहते. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे लग्नातली आत्याच झाली. रुसलेले पाव्हणे एकमेकाच्या बाजूले बसत नाही, त आत्या येते, हात धरू धरू साऱ्याइले एका पंगतीत बसवते."

म्हणून त्या पॉलिमरचं नाव बसवी. आणि दुसरं पॉलिमर, जे गाळाच्या मशीनमध्ये लागते, गाळातलं पाणी पिळून काढायले, ती पिळवी. तुम्हीच ठेवलेली नावं. सगळा प्लांट तेच म्हणे. खोलीत दोन निळे ड्रम, डावीकडं बसवी, उजवीकडं पिळवी, लाल ऑइलपेंटनं तुम्ही स्वतः लिहिलेलं. दोन्ही पावडरी सारख्याच पांढऱ्या. मी चिमटीत घेऊन पाहायची, फरक कळायचा नाही.

"दोघी जावा-जावा आहेत," तुम्ही सांगितलं होतं. "एकीचा भार सुलटा, एकीचा उलटा. एका टाकीत आणल्या त एकमेकीचे केस धरतात. चुली येगळ्याच पाहिजे."

भांडणं तर किती केली आपण! मी लॅबमध्ये सहा काचेची भांडी लावून कोणत्या डोसनं पाणी निवळते ते पाहायची, आणि ज्यात गोळा मोठा तेच भांडं घेऊन तुमच्याकडं पळायची. पाहा काका, पाहा, केवढा गोळा! तुम्ही डोळे बारीक करून पाहायचे.

"मोठ्या गोळ्यावर भुलू नको पोरी. जरा धक्का बसला का फुटते. लहान राहो, पण घट्ट राहो."

"पण काका, गढूळपणाच्या मीटरचा आकडा तर पाहा!"

"आकडा तू पाहा, मी पाणी पाहतो."

मी डोस वाढवायची, तर पाणी उलटं चिकट आणि गढूळ व्हायचं, आणि तुम्ही लांबूनच ओरडायचे, "आत्या जास्त झाल्या वं! आता पंगत बसत नाही!" गोळा लहान चांगला की मोठा, ह्याच्यावर आपली तर्री-पोह्याची शर्त लागली होती. तिचा निकाल लागलाच नाही. म्हणजे खरं सांगू? लागला होता. तुम्हीच बरोबर होते. मी मागच्या पावसाळ्यातच ते तपासलं होतं आणि वहीत लिहून वही मिटवून ठेवली होती. तुमाले सांगितलं नाही. तेव्हापासूनच माझी ही सवय होती बहुतेक.

पुढचं लिहायले हात थांबून राहिले. लिहिते.

बाहेरून तपासणीवाले येणार होते. प्लांटचे सर म्हणाले, हे बसवी-फिसवी काय आहे, नीट कोड लावा. मले तर उत्साहाचं भरतंच आलं. संगणकावर स्टिकर बनवले, इंग्रजीत, मोठे लांब कोड, दोघांत शेवटचं एक अक्षर वेगळं. ड्रम बाहेर ओढले, थिनरचं फडकं घेतलं आणि तुमचं लाल पेंट घासायले बसली. तुम्ही दारात उभे होते.

"पुसून राहिली का?"

"काका, ते स्टँडर्ड नाही ना."

"मले ते इंग्रजी लवकर वाचता येत नाही वं."

"दोन दिवसांत सवय होईन जी. तुम्ही तर हुशार आहात."

पेंट सुटता सुटत नव्हतं, माझी नखं दुखली, पण मी घासून काढलं. मग स्टिकर लावले. बरोबर ड्रमवर बरोबर स्टिकर. आणि ड्रम आत लोटले. कोणता डावीकडं, कोणता उजवीकडं, हे मी पाहिलंच नाही. माझ्या डोक्यात आलंच नाही की जागा पण एक लेबल असते.

तीन दिवस टाकीत आधी घोळलेलंच पुरलं. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही नवीन पावडर घ्यायले नेहमीसारखा डावीकडं हात घातला.

बसवी घोळायच्या टाकीत आधीची अर्धी उरली होती. तिच्यावर पिळवी पडली. तुम्ही मले हाक मारली, "प्राचे, जरा ये वं इकडं," आणि तुमचा आवाज असा होता की मी चप्पल न घालता पळाली. टाकीत पांढरे दोर तयार झाले होते, डिंकासारखे, ओढले की ताणायचे, सोडले की परत जायचे. तुम्ही कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर काढून राहिले होते. पंप अडकला. पाइप तुंबला. तासाभरात पाणी निवळायच्या मोठ्या टाकीचा गाळ वर आला आणि काठावरून काळं पाणी वाहायले लागलं. ज्या कारखान्याले आपण साफ पाणी देतो त्यानं दोन दिवस पाणी घेतलं नाही. सगळं होईपर्यंत तुम्ही एकदाही ड्रमकडं पाहिलं नाही. तुम्ही तुमच्या हाताकडं पाहून राहिले होते.

मी पाहिलं ड्रमकडं. दुपारी, एकटी गेली होती तेव्हा. एका सेकंदात कळलं.

सरांनी विचारलं, "लेबल बरोबर होतं ना, प्राची?"

"हो सर."

"म्हणजे ऑपरेटरनं वाचलं नाही."

मी गप्प. काका, मी खोटं बोलली नाही. एक शब्द खोटा बोलली नाही. ड्रम कोणी फिरवले असं कोणी विचारलंच नाही, आणि मी ह्या 'विचारलंच नाही'ले धरून तीन महिने जगली.

तुमाले लेखी खुलासा मागितला. तुम्ही माझ्याकडंच आले. दुसऱ्या कोणाकडं नाही, माझ्याकडं. "तूच लिहून दे वं. मले ते हापिसातलं मराठी जमत नाही." मी चार मिनिटांत टाइप केलं. 'सविनय सादर, दिनांक अमुक रोजी माझ्या नजरचुकीने चुकीचे पॉलिमर टाकीत टाकण्यात आले, तरी क्षमा असावी.' असंच लिहितात सगळे. बिल चुकलं, नजरचुकीने. तारीख चुकली, नजरचुकीने. त्या शब्दाले काही अर्थ असते असं मले कधी वाटलंच नाही.

तुम्ही एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. बोट थांबलं.

"नजरचूक. म्हणजे माही नजर चुकली?"

"नाही काका, तसं नसते. लिहायची पद्धत आहे."

"पद्धत आहे?"

"हो जी. सगळेच लिहितात."

तुम्ही चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला, परत वाचलं. आणि सही केली. तुम्ही चष्मा पुसत होते तेवढ्या वेळात माझं वाक्य बोलून झालं असतं. काका, ड्रम मी फिरवले. चार शब्द. मी तुमाले पेन दिला.

मग तुम्ही स्वतःच सरांले सांगितलं, मले पॉलीवर ठेवू नका. सगळे म्हणाले, म्हातारा रुसला. मीही तेच म्हटलं, आणि खरं सांगते, मले बरं वाटलं. रोज तुमच्या समोर जायची गरज राहिली नाही. तुम्ही तिकडं बागेच्या कामावर, झाडांले पाणी द्यायचे, मी दुसऱ्या गेटनं यायची. समोर आलेच तर तुम्ही विचारायचे, "पाणी कसं आहे?" मी म्हणायची, "एकदम फर्स्टक्लास काका!" आणि पळायची.

एकदा तुम्ही लॅबच्या दारात आले. हातात काचेच्या ग्लासात गाळाचं पाणी.

"प्राचे, ह्याच्यात गोळे दिसून राहिले का तुले?"

"हो काका."

"केवढे?"

"तुरीच्या डाळीएवढे."

"हं. मलेही तेवढेच दिसून राहिले." आणि गेले. मले वाटलं काकांले करमत नाही, म्हणून आले. मी परत मोबाइल पाहायले लागली.

मग तुमाले लकवा मारला. नागपूरले धंतोलीच्या दवाखान्यात चार दिवस. आम्ही प्लांटवाले दुपारी गेलो, एकेकाले आत सोडत होते. माझी पाळी आली. नळ्या, मशीन, तुमचे डोळे बंद. आजूबाजूले कोणी नव्हतं. सिस्टर पण पलीकडं होती. काका, तिथं सांगता आलं असतं. लोक म्हणतात ऐकू येत असते. मी काय बोलली माहीत आहे? "लवकर या काका, माझे तर्री-पोहे बाकी आहेत." जोक मारला. बाहेर येऊन सगळ्यांले म्हटलं, मी त्यांले हसवायचा प्रयत्न केला.

आता आजचं.

काकू माझ्याजवळ बसल्या. मले वाटलं त्यांले माहीत आहे सगळं, आता विचारतात. पण त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "तुहं नाव नेहमी घेत वं ते. पोरगी गुणाची आहे म्हणत." मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पण शेवटी शेवटी त्याइले एक खूळच लागलं होतं, डोळ्याचं."

मी म्हटलं, कसलं खूळ?

"म्हणे, माही नजर चुकाले लागली. कागदावरच लिहून आलं आहे म्हणे. धंतोलीत दाखवाले नेलं. डॉक्टर म्हणे, बाबा, डोळे चांगले आहेत, चष्म्याचा लंबर बी तोच आहे. घरी आले त म्हणे, डोळे चांगले आहेत त मंग डोकं गेलं असन. गाडी चालवणं सोडलं. गॅस बंद केला का नाही, तीन-तीनदा पाहे. अन् मले म्हणे, दोन वाट्या घे, एकीत साखर ठेव, एकीत मीठ ठेव, मी न चाखता सांगतो."

"मग?"

"रोज सकाळी वं. रोज. अन् रोज बरोबर सांगे! मी म्हणो, झालं ना आता समाधान? त म्हणे, आज बरोबर आलं, उद्याचं कोण पायलं?"

काका.

मी तिथं ताटावर बसली होती. तुम्ही ग्लास घेऊन माझ्याकडं आले होते ते करमत नव्हतं म्हणून नाही. तुम्ही माझ्या डोळ्यांनी तुमचे डोळे तपासायले आले होते. ज्या माणसाचा हात काळोखात पण बरोबर व्हॉल्व्हवर जायचा, जो पाण्याचा नुसता आवाज ऐकून सांगायचा की पंप हवा घेऊन राहिला, तो माणूस रोज सकाळी साखर-मिठाच्या दोन वाट्यांसमोर परीक्षेले बसायचा. तीन महिने. माझ्या एका शब्दामुळं. आणि दुसऱ्या, न बोललेल्या वाक्यामुळं.

मले वाटायचं माझ्या गप्प बसण्यानं तुमची नोकरीत एक बदनामी झाली आहे. तेवढंच पाप आहे, कधीतरी फेडू. मले काय माहीत की मी तुमचे डोळे घेऊन बसली होती.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "काकू, ते ड्रम..." काकूनं माझ्या ताटात अजून एक वडा ठेवला आणि म्हणाल्या, "खा वं, किती वाळली." मी तो वडा खाल्ला.

आता काकूले सांगू? सांगितलं तर त्या एकच विचारतील, मंग त्याइले काहून नाही सांगतलं? नोकरी गेली असती का? नाही. सर दोन दिवस बडबडले असते. तुम्ही रागावले असते का? तुम्ही तर हसले असते. म्हणाले असते, "भैताड आहे का वं, ड्रम फिरवते त सांगत जा ना!" आणि परत लाल पेंटचा डबा काढला असता. एवढंच झालं असतं काका. एवढंच. मले तर मोठी भीती असती तरी बरं वाटलं असतं. मी काहीच नसताना गप्प बसली.

कळमेश्वरच्या स्टॉपवर गाडी थांबली तेव्हा मी सरांले फोन लावला. हे वाचणाऱ्यांनो, मी पहिल्यांदा ते वाक्य मोठ्यानं बोलली. बाजूची बाई वळून पाहायले लागली.

"सर, ते पॉलिमरचं झालं होतं ना, तेव्हा ड्रम मी फिरवले होते. वासुदेवकाकांची चूक नव्हती."

"कोणते ड्रम?"

मी सगळं सांगितलं. पेंट, थिनर, डावं-उजवं.

"अगं, ते तर कधीचं क्लोज झालं प्राची. कारखान्याचं पाणी सुरू झालं ना? मग?"

"सर, त्यांच्या फाइलमध्ये ते पत्र आहे. नजरचुकीचं. ते काढून माझं लावायचं आहे."

"आता माणूसच नाही तर फाइलचं काय करते? तू तेरवीहून येऊन राहिली, म्हणून तुले असं वाटून राहिलं. उद्या सॅम्पल जरा लवकर काढ, बाहेरून लोक येणार आहेत."

फोन ठेवला त्यांनी. रागावले पण नाही. मी तीन महिने ज्या शिक्षेले घाबरली ती कोणाजवळ नव्हतीच. आणि ज्यांच्या कामाचं ते वाक्य होतं त्यांची आज तेरवी झाली.

मले तुमाले थँक्यू म्हणायचं होतं काका. मिठासाठी. 'आकडा तू पाहा, मी पाणी पाहतो' ह्याच्यासाठी, कारण आता मीटर बंद पडलं तरी मी ग्लास उजेडात धरते आणि मले कळते. पाणी पाहणं तुम्ही शिकवलं. मी बदल्यात तुमचा तुमच्या पाहण्यावरचा विश्वास काढून घेतला. हे दोन्ही एकाच माणसासोबत कसं केलं मी, मले समजत नाही. रडू पण येत नाही नीट, नुसतं हात चालून राहिले.

नागपूर आलं. कंडक्टर म्हणून राहिला, उतरा ताई.

मी हे असंच टाकून राहिली, न वाचता. वाचणाऱ्यांनो, मले 'तुझी चूक नव्हती' असं लिहू नका, होती. मले एवढंच सांगा, तुमच्यासोबत झालं आहे का असं? एका माणसाले मोकळं करणारं एक वाक्य तुमच्याजवळ होतं, अगदी लहान, अगदी सोपं, आणि तो माणूस ते न ऐकताच गेला, असं? आणि झालं असन, तर मग ते वाक्य तुम्ही नंतर कोणाले सांगितलं?